सगळ्यांच्या ओळखीची रोहिणी

"मॅडम, मी ललिता बच्छाव. काल मैत्रीण हरवल्याची तक्रार दिली ना, ती. रोहिणीचं उत्तर आलंय." फोनवरच्या बाईला धाप लागली होती. "ती म्हणते, आशा तिला भेटलीच नाही!"

उपनिरीक्षक तेजस्विनी खैरनारने चहाचा कप बाजूला सारला. "काय लिहिलंय ते जसंच्या तसं वाचा."

"'ललिता, महामार्ग स्टँडवर वाट बघून डोळे शिणले. आशा आलीच नाही. शेवटी मी पुण्याची गाडी पकडून परत आले. ठकू अशी का वागली गं? जिवाला घोर लागलाय.' एवढंच."

"ठकू कोण?"

"आशाच. रोहिणी तिला लाडाने ठकू म्हणते."

"तुम्ही खोलीवरच थांबा. मी येते."

२००८ सालचा डिसेंबर होता. नाशिकला थंडी मी म्हणत होती. इंदिरानगरातल्या एका इमारतीच्या मागच्या बाजूला ललिताची एक खोली होती. वर्षभर त्या खोलीत दोघी राहत होत्या. ललिता कापडाच्या दुकानात, आशा एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला. आशा नवऱ्याचा मार खाऊन खाऊन एके दिवशी नेसत्या कपड्यांनिशी कळवणहून निघून आली होती. माहेरीही तिने पत्ता कळवला नव्हता. खिडकीला आतून वर्तमानपत्र चिकटवलेलं होतं.

"हे कशाला?" तेजस्विनीने विचारलं.

"रस्त्यावरून कुणी बघेल म्हणून. मॅडम, ती लॅब आणि खोली, एवढंच करायची. भाजीलासुद्धा मीच जायची. स्वतःचा फोटो कुठे काढू द्यायची नाही."

"आणि इतकी जपणारी बाई रोहिणीला भेटायला एकटी गेली?"

ललिताचे डोळे भरून आले. "मीच जा म्हटलं. रोहिणी आहेर आमच्या वर्गातली. कळवणच्या शाळेतली. पैपाहुण्यांवर भेटली."

पैपाहुणे डॉट कॉम. तेजस्विनीला ते नाव सांगावं लागलं नाही. दीड वर्षापूर्वी नाशिकच्या एका पोराने ही साइट काढली आणि सटाणा, कळवण, दिंडोरीपासून शहरापर्यंत जो तो तिच्यावर जाऊन बसला. इतर साइटींवर नुसते मित्र जोडता येत. इथे प्रत्येक ओळखीला नाव द्यावं लागे. आत्या, साडू, वर्गमित्र, शेजारी. मग साइट आपणहून सांगे, हा तुमचा अमक्या बाजूने तमका लागतो. तेजस्विनीलाही तिच्या भावाने ओढून नेलंच होतं. न जाऊन करते काय? लग्नाची बोलणी तिथे, बारशाची आमंत्रणं तिथे, गावाकडच्या मयताची खबरही तिथेच.

"आशा त्या साइटवर होती?"

"नाही. माझ्या खात्यावरून बघायची. रोहिणी तिची फार चौकशी करायची. म्हणाली, माझ्या ओळखीने पुण्यात नोकरी आहे, राहायला बायकांचं वसतिगृह आहे. नवरा जन्मात शोधू शकणार नाही. रविवारी ये, मी स्वतः घेऊन जाते."

"तुम्हाला शाळेतली रोहिणी आठवते?"

"हो, म्हणजे... दोन वेण्या घालायची. वडील पाटबंधारे खात्यात होते. नववीत बदली झाली त्यांची."

"हे तुम्हाला आठवतं, की तिने लिहिलं होतं?"

ललिताने वर्तमानपत्र लावलेल्या खिडकीकडे तोंड फिरवलं.

"आशा काय म्हणाली होती?"

"ती पहिल्यांदा म्हणाली, मला अशी कुणी आठवत नाही. मी ते साइटवर लिहिलं आणि आम्ही सगळ्या हसलो तिला. म्हटलं, सासरी जाऊन तू शाळासुद्धा विसरलीस. सगळी बॅच ओळखते गं रोहिणीला. मग रोहिणीने एकदा 'ठकू' लिहिलं. ते वाचून आशा रडलीच. म्हणाली, मला या नावाने हाक मारणारी माणसं फार थोडी आहेत, ही माझ्या जवळचीच कुणीतरी असणार."

तेजस्विनीने ते ध्यानात ठेवलं.

साहेबांना या प्रकरणात रस नव्हता. बाई सज्ञान आहे, गेली असेल नवऱ्याकडे परत, असं त्यांचं मत. तेजस्विनीने मात्र दुपारपासून फोन लावायला घेतले. बॅचमधले तीसेक जण रोहिणीचे वर्गमित्र म्हणून साइटवर दिसत होते.

"रोहिणी? हो तर! गाणं छान म्हणायची," निफाडची एकजण म्हणाली.

"तुम्ही तिला साइटवर कसं ओळखलं?"

"ती विमलच्या ओळखीत होती ना. म्हणून मी हो म्हटलं."

विमल म्हणाली, "मला नीटसं आठवत नव्हतं. पण ललिता ओळखते म्हटल्यावर मी कशाला नाही म्हणू?"

ओझरचा एक वर्गमित्र तर छातीठोकपणे म्हणाला, "कबड्डीत होती ती. पाय मुरगळला होता तिचा. मीच पाणी आणून दिलं."

"तिच्या बाकावर शेजारी कोण बसायचं?"

तिथे सगळ्यांचीच गाडी अडली. शेजारी बसलेली कुणीच निघेना. वर्गाच्या फोटोतही ती नव्हती. अर्थात, बदली झाली होती ना, म्हणून. शाळेच्या मुख्याध्यापकांनी संध्याकाळी फोन करून सांगितलं की त्या वर्षांत रोहिणी आहेर नावाची मुलगी कुठल्याच वर्गात नव्हती.

तेजस्विनी खुर्चीत मागे रेलली. तीस माणसं जिला ओळखत होती ती बाई जन्मालाच आली नव्हती. आणि एकटी आशा, जिने मला आठवत नाही म्हटलं होतं, ती तिच्या भेटीला जाऊन गायब झाली होती.

पैपाहुण्यांचं कार्यालय कॉलेज रोडवर एका डेअरीच्या वरच्या मजल्यावर होतं. मालक अमित धामणे तिशीच्या आतला, दाढी वाढलेला, झोप न झालेला. बातमी ऐकून त्याने दोन्ही हात डोक्याला लावले.

"मॅडम, खोटा माणूस आमच्याकडे शिरूच शकत नाही. नातं दाखवल्याशिवाय प्रवेश नाही, हा आमचा पहिला नियम. आधीच्या एखाद्या सभासदाने 'ही माझी नात्यातली' असं म्हटल्यावरच दार उघडतं."

"मग रोहिणीला नात्यातली कुणी म्हटलं?"

त्याने बराच वेळ बोटं चालवली. "ते नातं पुसलंय. ज्याने जोडलं त्याने स्वतःचं खातंच काढून टाकलं. आमचा सर्व्हर लहान, मॅडम. सभासद गेला की त्याने जोडलेलं सगळं जातं."

"रोहिणी कुठून लिहायची?"

"सीबीएस बसस्थानकाच्या आसपासच्या इंटरनेट कॅफेंमधून. रोज वेगळा. हा शेवटचा निरोपही तिथूनच गेलाय."

"म्हणजे पुण्याची गाडी पकडली म्हणणारी नाशकातच होती." तेजस्विनीने त्याच्याकडे रोखून पाहिलं. "आणि सगळ्यांचं सगळं तुम्हाला इथून दिसतं. खरं ना?"

"दिसतं. पण मी कशाला..." अमित घाबरला. मग एकदम खाली मान घालून बोलू लागला. "मॅडम, एकट्याकडे फोन असला तर तो नुसता डबा असतो. दुसऱ्याने घेतला की पहिल्याच्या डब्याला किंमत येते. प्रत्येक नवा माणूस आला की आधीच्या सगळ्यांची सोय वाढते. याच्याच जोरावर साइट वाढवली मी. मला वाटायचं, माणसं वाढली की भरवसाही वाढतो. रोहिणीने तेच वापरलं. पहिली ओळख मिळवायला तिला घाम गाळावा लागला असेल. दुसरी सोपी गेली. दहा जण झाल्यावर कुणी विचारलंच नाही. ज्याने त्याने दुसऱ्याकडे बघून हो म्हटलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी गोरक्ष देवरेला कळवणहून आणलं. आशाचा नवरा. दणकट, डोळे तांबारलेले, आवाज चढा.

"रविवारी कुठे होतास?"

"गावातच. सोसायटीची बैठक व्हती. तुमच्या कळवणच्या फौजदारांनी पन पाह्यलं मला. इचारा त्याह्यला."

विचारलं होतं. खरं होतं.

"बायकोला मारायचास?"

तो गुरकावला, "मला तिचा पत्ता ठावं असता तर वरीसभर बोंबलत हिंडलो असतो का? तिच्या भावाला इचारा. माझी बहीण त्याच्या घरात हाय, त्याची बहीण माझ्या. साटंलोटं हाय आमचं. मी त्याला सांगितलेलं हाय, संक्रांतीच्या आत माझी बायको घरात पाह्यजे. नाय तर मी माझ्या बहिणीला उचलून नेनार, पोरांसकट."

"आणि तुझी बहीण काय म्हणते?"

गोरक्षने तिच्याकडे असं पाहिलं, जणू असा प्रश्न असतो हेच त्याला माहीत नव्हतं. "तिला काय इचारायचं?"

त्याला बाकावर बसवून ठेवलं. तासाभराने आशाचा थोरला भाऊ शेखर रौंदळ आला. ओझरच्या कारखान्यात कामाला. स्वच्छ शर्ट, नीट भांग, हात जोडलेले. बसला आणि त्याला हुंदकाच फुटला.

"मॅडम, आमची आई नाही, वडील नाहीत. आशा एवढीच. ती नाशकात आहे हेसुद्धा मला आज कळतंय."

"तुमच्या मेव्हण्याने धमकी दिली होती?"

"तोंडाचा फटकळ आहे तो. मी कधी मनावर घेतलं नाही."

"पैपाहुण्यांवर आहात?"

"नाही हो. पाळीवरून आलं की जीव नको होतो. कोण बसतंय त्या भानगडीत."

"रोहिणी आहेर हे नाव ऐकलंय?"

"आशापेक्षा मी तीन वर्षं पुढे होतो शाळेत. तिच्या मैत्रिणी मला कशा माहीत असणार?"

तो उठला तेव्हा तेजस्विनीची नजर त्याच्या चपलांवर गेली. काळ्या चामड्यावर निळसर हिरवे शिंतोडे वाळलेले होते. कारखान्यातला रंग असेल, असं म्हणून तिने तो विचार सोडून दिला.

त्यानंतर तिच्या मोबाइलवर फोन यायला लागले. पहिला तिच्या मामांचा, सटाण्याहून.

"तेजू, गोरक्ष देवरेला बसवून ठेवलंयस म्हणे ठाण्यात. जरा बेताने घे. आपल्यातला आहे तो."

"मामा, मी त्याला आज पहिल्यांदा पाहिलं."

"अगं, पैपाहुण्यांवर बघ. तू त्याची चुलत मेहुणी लागतेस."

मग चुलत्यांचा फोन, मग वहिनीच्या भावाचा. प्रत्येकजण प्रेमाने बोलत होता आणि प्रत्येकाला तिने तपास सैल सोडायला हवा होता. तेजस्विनीने खोलीचं दार लावून घेतलं. तिने या माणसांपैकी कुणाला बोलावलं नव्हतं. तरी ती होतीच, चारी बाजूंनी. आशाला असंच वाटत असेल, तिच्या मनात आलं. कुठल्याही दिशेला पाऊल टाकलं तरी कुणाच्या तरी ओळखीवर पडणारं.

मामांनी पुन्हा फोन केला तेव्हा ती चिडून म्हणाली, "मामा, हे नातं त्या साइटवर जोडलं कुणी? मी नाही, तुम्ही नाही."

"कुणी कशाला जोडायला पाहिजे? ते आपोआप दिसतं."

तेजस्विनी उभीच राहिली. मग फोन ठेवून तिने थेट अमितला लावला.

"अमित, साइट स्वतःहून नाती काढते ना? समजा, क ने लिहिलं की ख माझी बहीण आणि ग माझी आई..."

"तर साइट लिहिते की ख ही ग ची मुलगी. हो."

"उद्या क आपलं खातं काढून निघून गेला. मग क ने लिहिलेलं पुसलं जातं. साइटने लिहिलेलं?"

पलीकडे खुर्ची करकरली.

"अमित?"

"ते... ते कुणाच्याच नावावर नसतं, मॅडम. ते पुसायला मी काही केलेलंच नाही."

"रोहिणी कुणाला ओळखते ते आपण बघत बसलो. आता उलटं बघा. वर्गमित्र सोडून आणखी कुणाच्या पानावर तिचं नाव आहे?"

कीबोर्डच्या कळांचा आवाज येत राहिला. शेवटी अमित म्हणाला, "एकच आहे. सरुबाई निकम, दिंडोरी. मुलाने पान काढून दिलंय, दीड वर्षात एकदाही उघडलेलं नाही. त्यांच्या पानावर लिहिलंय, मुलगी, रोहिणी आहेर."

दिंडोरीच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी द्राक्षबागा लागल्या होत्या. फवारणीचे ब्लोअर लावलेले ट्रॅक्टर ओळींमधून घरघरत होते. शिपाई बारकू गावित जीप चालवत होता. सरुबाईंचं घर बाजारपेठेमागे होतं. म्हातारी ओट्यावर ऊन खात बसली होती.

"मावशी, तुम्हाला मुलं किती?"

"एकच ल्योक. पुन्याला असतो."

"आणि मुलगी?"

"मुलगी? देवानं न्हाई दिली बाई." म्हातारी हसली. "बहिणीची पोर तीच माझी पोर मानली म्या. लहानपनी सुट्टीत इथंच असायची. ठकू म्हनायचो तिला."

बारकूने चमकून वळून पाहिलं. तेजस्विनीने आवाज अगदी साधा ठेवला.

"बहिणी किती तुम्हाला?"

"एकच व्हती. गेली बिचारी. तिची दोन लेकरं, शेखर आन ठकू. आशा नाव तिचं. शेखर गुनाचा हाय. माझा मळा त्योच बघतो, चाव्या पन त्याच्याकडंच. या आठवड्यात तर पाळी सुटली का रोजच मळ्यात जातो. म्हनतो, फवारनी चालू हाय, ध्यान ठेवाया पाह्यजे."

मळा गावाबाहेर ओढ्यापलीकडे होता. बागेच्या टोकाला बेदाणे वाळवायची शेड, या दिवसांत रिकामी. तिला लागून एक बिनखिडकीची दगडी खोली, औषधं आणि खतं ठेवायची. दाराला भलंमोठं कुलूप. शेजारच्या बागेतला ब्लोअर असा गर्जत होता की स्वतःचं बोलणं ऐकू येईना. तेजस्विनीने हात करून तो बंद करायला लावला.

एकदम सगळीकडे शांत झालं.

"आशा!" तिने दारावर थाप मारली. "आशाताई, मी पोलीस."

आतून आधी काहीच आलं नाही. मग लाकडावर अगदी हळू, नखांनी खरवडल्यासारखा आवाज.

"बारकू, पहार आण कुठून तरी. पळ!"

बारकू शेजारच्या मळ्याकडे धावला आणि त्याच वेळी बांधावरून मोटरसायकल आली. शेखर रौंदळ. हँडलला जेवणाचा डबा लटकत होता. पोलिसांची जीप बघून त्याने गाडी थांबवली, पण उतरला नाही.

"किल्ली द्या, शेखर."

"कसली किल्ली, मॅडम? मावशीच्या मळ्यात चक्कर मारायला आलो. गड्याचा डबा आहे हा."

"आत तुमची बहीण आहे."

"आशा? इथे?" त्याने आश्चर्य दाखवलं, पण आवाज सुकला होता. "तो गोरक्षच... त्यानेच आणून टाकली असणार! त्याला हा मळा माहीत आहे."

तेजस्विनी त्याच्या गाडीसमोर येऊन उभी राहिली. "गोरक्षला तुमच्या बहिणीचा पत्ता वर्षभर मिळाला नाही. त्याला शाळेतल्या पोरी माहीत नाहीत. रोहिणी आहेर तयार करायला त्या बॅचची इत्थंभूत माहिती हवी होती. शाळा, शिक्षक, कुणाचे वडील कुठल्या खात्यात. तुम्ही त्याच शाळेत पुढच्या वर्गात होता."

"शाळेत शेकडो पोरं होती."

"पण आशाला ठकू म्हणणारं शाळेत कुणीच नव्हतं. ते नाव या मळ्यातलं आहे. सुट्टीतलं. त्या एका शब्दाने तिने तुमच्यावर विश्वास टाकला. तोच शब्द काल मला सरुबाईंच्या दारापर्यंत आणणार होता, पण मी शहाणी, वर्गातच शोधत बसले."

शेखरने डबा हँडलवरून काढून हातात घेतला.

"तुमच्या चपलांवरचे डाग मी कारखान्यातला रंग समजले. हे बघा." तिने वेलीचं एक पान तोडून पुढे धरलं. पानावर मोरचूद आणि चुन्याचा निळसर हिरवा थर वाळला होता. "कारखान्यातून थेट घरी जाणाऱ्याच्या पायावर हे फवारणीचं बोर्डो कुठून येणार?"

"मावशीचा मळा आहे. येतो मी इथे."

"येता ना. मग सकाळी ठाण्यात मावशीचं नाव का घेतलं नाही? आशा एवढीच आहे म्हणालात. आणि पैपाहुण्यांच्या भानगडीत नाही म्हणालात. तुमचं खातं होतं तिथे. तुम्ही सरुबाईंना मावशी म्हणून जोडलं होतं. मग रोहिणीला आत घ्यायला नातं लागत होतं, म्हणून तिला मावसबहीण म्हणून जोडलंत. दहा-बारा जण तिच्या ओळखीत आल्यावर आपलं खातं पुसलंत. तुम्हाला वाटलं, आता रोहिणीच्या मागे कुणीच नाही."

"मग? पुसलेलं तुम्हाला कसं कळलं?"

बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं.

"तुम्ही लिहिलेलं पुसलं गेलं, शेखर. पण साइटने मधल्या काळात स्वतः हिशेब केला होता. याला मावशी एकच, मग मावसबहीण म्हणजे तिचीच मुलगी. ते तिने सरुबाईंच्या पानावर लिहून ठेवलं. मुलगी, रोहिणी आहेर. सरुबाईंना मुलगी नाही. मग ती त्यांच्या पानावर तेव्हाच येऊ शकते, जेव्हा त्यांच्या भाचरांपैकी कुणीतरी तिला बहीण म्हटलं असेल. त्यांच्या मुलाचं खातं अजून आहे, म्हणजे पुसणारा तो नाही. भाचरं दोनच. एकीचं तिथे कधी खातंच नव्हतं. उरलात तुम्ही."

बारकू पहार घेऊन धापा टाकत आला. पहिल्या घावाला कडी नुसती वाकली. शेखरने खिशातून किल्ली काढली आणि जमिनीकडे बघत पुढे केली.

दार उघडलं तसा औषधांचा उग्र वास बाहेर आला. आशा उंबऱ्याशीच बसलेली होती. ओठ फुटलेले, डोळे उजेडात मिटलेले. तेजस्विनीने तिला धरून बाहेर आणलं, बागेच्या नळावर तोंड धुवायला लावलं. कितीतरी वेळ ती नुसतं पाणी पीत राहिली.

मग तुटक बोलू लागली. रविवारी स्टँडवर पांढरी व्हॅन आली होती. भाड्याचा ड्रायव्हर म्हणाला, रोहिणीताई दिंडोरी रोडला थांबल्यात. त्याने सांगितलेल्या जागी ती उतरली, तर समोर शेखर. भावाला बघून ती आधी घाबरली आणि मग, ती म्हणाली, तिला बरं वाटलं होतं. वाटलं, आता दादा आहे.

"तू नांदायला जायला हो म्हणेपर्यंतच ठेवणार होतो गं," शेखर म्हणाला. तो मातीत बसला होता. "गोरक्षला अजून सांगितलंही नाही. संक्रांतीला तो मैनाला घेऊन जाणार. माझी पोरं घेऊन जाणार. मी काय करायचं होतं? सगळे मलाच विचारतात, तुझी बहीण कुठे आहे. कारखान्यात, लग्नात, त्या साइटवर. तुझ्यामुळे माझं घर मोडणार होतं."

आशाने त्याच्याकडे पाहिलं. "वहिनीने सांगितलं, ती जाणार म्हणून?"

"तिला कशाला विचारायचं?"

"मला विचारायचं होतंस. तिला विचारायचं होतंस." तिचा आवाज फाटला. "तीन महिने माझ्याशी मैत्रिणीसारखा बोललास रे तू. कसं झोपतेस, कशाची भीती वाटते, सगळं विचारलंस. दादा म्हणून एकदा तरी विचारलं होतंस का?"

शेखरने चेहरा हातांत लपवला. बारकूने त्याला उठवून जीपमध्ये बसवलं.

दवाखाना झाला, दिंडोरीच्या ठाण्यात जबाब झाला. धमकीबद्दल आणि मारहाणीबद्दल गोरक्षवर वेगळा गुन्हा दाखल होणार होता. शेखरची बायको मैना ठाण्यात आली. ती आशाच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "मला न्यायला कुणी आलं असतं तर मी गेले नसते, ताई. पण मला कुणी विचारलंच नाही." एवढं बोलून ती पोरांकडे परत गेली.

संध्याकाळच्या आत तेजस्विनी आशाला जीपमधून नाशिकच्या बसस्थानकावर घेऊन आली.

"इंदिरानगरला सोडू?"

आशाने मान हलवली. "तीस जणांना माहीत आहे, मी नाशकात ललिताकडे असते. आता तर सगळ्यांना माझी काळजी वाटते. उद्या घर शोधत येतील. चांगल्या मनाने येतील, पण येतील. ललिताला सांगा, मी बरी आहे."

"मग कुठे?"

"एक जागा आहे माझ्या मनात. तिथे..."

"थांबा." तेजस्विनीने तिचा हात धरला. "मला सांगू नका. माझेही मामा आहेत, चुलते आहेत. कोर्टाची तारीख लागेल तेव्हा तुम्हीच मला फोन करा. दर पंधरवड्याला करा. कुठून केलात ते मी विचारणार नाही."

आशा आपली पिशवी घेऊन उतरली. फलाटांवर बऱ्याच गाड्या लागल्या होत्या. तेजस्विनीने बारकूला जीप भिंतीकडे तोंड करून लावायला सांगितली आणि काचा वर केल्या. मागे एक गाडी सुटली, मग दुसरी, मग तिसरी.

फोन वाजला. अमित होता. "मॅडम, मी रोहिणी काढून टाकली. सरुबाईंचं पानही. पण बॅचवर सगळे विचारतायत, आशा सापडली का, ती आता कुठे आहे?"

"सापडली म्हणून सांगा," तेजस्विनी म्हणाली. "कुठे आहे ते मला माहीत नाही."

आणि ते खरं होतं.